टॉवेलावरचे कार्ड आणि अर्धा पेला पाणी

खडकवासला हे पाणी मोजणाऱ्यांचे गाव आहे. धरणात आज किती पाणी आहे हे येथे रोज मोजले जाते आणि पावसाळ्यात तो आकडा पुण्याची वर्तमानपत्रे छापतात. १९१६ साली स्थापन झालेली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आज याच गावात आहे. धरणे, बंदरे, नद्यांची पात्रे यांच्या लहान प्रतिकृती करून पाणी कोठून, कसे आणि किती वेगाने वाहील याचा अभ्यास तेथे चालतो. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चार धरणांची मिळून साठवण सुमारे २९.१५ अब्ज घनफूट, म्हणजे आपण ज्याला टीएमसी म्हणतो त्या मापाने २९.१५ टीएमसी आहे. पुणे शहराचे पिण्याचे पाणी आणि हवेली, दौंड, इंदापूर या तालुक्यांतील बरीच शेती या साठ्यावर अवलंबून आहे. त्यामुळे शहराने किती घ्यायचे आणि कालव्यात किती सोडायचे, हा वाद उन्हाळा आला की ठरलेलाच.

अशा या गावाजवळच्या एका निवासी हॉटेलात गेल्या उन्हाळ्यात आमचे दोन दिवसांचे शिक्षक शिबिर होते. न्हाणीघरात आरशाशेजारी एक हिरवे कार्ड लावलेले होते. पाणी अमूल्य आहे, ते वाचवण्यात आम्हाला मदत करा, असे त्यावर लिहिले होते. टॉवेल पुन्हा वापरणार असाल तर दांडीवर अडकवा, बदलून हवा असेल तर खाली टाका, अशी सूचनाही होती. आम्ही सगळेच विज्ञानाचे शिक्षक. टॉवेल मुकाट्याने दांडीवर अडकवले. दुपारी जेवून येऊन पाहतो तो दांडीवर कोरे, घडीचे टॉवेल! खोली झाडणाऱ्या मावशी अजून व्हरांड्यातच होत्या. त्यांना विचारले, तर त्या हसून म्हणाल्या, “ते कार्ड तुम्हाला वाचायला असतं, सर. आम्हाला वेगळी यादी असते. रोज सगळे टॉवेल बदलायचे. एक जरी राहिला तरी कुणी ना कुणी तक्रार करतं.”

संध्याकाळच्या चर्चेचा विषय त्यामुळे आपोआपच ठरला. या कार्डाने खरोखर काही होते का? होत असेल तर कोणावर? आणि होते की नाही, हे ठरवायचे कसे? एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करतात तसे या कार्डाचे परीक्षण येथे करायचे आहे. पुस्तकाचे परीक्षण करताना भाषा चांगली आहे एवढे सांगून भागत नाही. जे सांगितले ते खरे आहे का, हेही पाहावे लागते.

कार्डाची जन्मकथा

टॉवेल पुन्हा वापरण्याची विनंती करणारी कार्डे जगभरच्या हॉटेलांत गेली चाळीसएक वर्षे दिसत आहेत. त्यांच्यावरची टीकाही जवळजवळ तेवढीच जुनी आहे. जे वेस्टरव्हेल्ड या अमेरिकी पर्यावरण अभ्यासकाने फिजी बेटांवरील एका विश्रामस्थळी असे कार्ड पाहिले. पर्यावरणासाठी टॉवेल पुन्हा वापरा असे पाहुण्यांना सांगणारे ते हॉटेल स्वतः मात्र आपला विस्तार करण्यात गुंतले होते. वेस्टरव्हेल्ड यांनी १९८६ साली या विसंगतीवर लिहिले आणि त्यासाठी ‘ग्रीनवॉशिंग’ हा शब्द वापरला. मराठीत आपण त्याला ‘हिरवा मुलामा’ म्हणू. पुढे हा शब्द कारखाने, तेल कंपन्या, साबणाच्या जाहिराती अशा सर्वांनाच लावला जाऊ लागला. पण त्याचा जन्म हॉटेलातल्या टॉवेलापाशी झाला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

कार्ड लावण्यात हॉटेलाचा स्वार्थ असतो यात शंका नाही. धुलाई कमी झाली तर पाणी, साबण, वीज आणि मजुरी असे सगळेच वाचते. पण केवळ स्वार्थ आहे म्हणून एखादी गोष्ट वाईट ठरत नाही. सायकलने शाळेत येणारा मुलगा पैसे वाचवतो, म्हणून काही हवा कमी स्वच्छ राहत नाही. प्रश्न हेतूचा कमी आणि परिणामाचा अधिक आहे. तेव्हा परिणामाकडे वळू.

एक गाजलेला प्रयोग

पर्यावरणाची काळजी वाटते का, असे पाहुण्यांना विचारले तर बहुतेक जण हो म्हणतात. टॉवेल पुन्हा वापराल का, असे विचारले तरी हो म्हणतात. प्रश्नावलीवर चांगले दिसणारे उत्तर द्यायला काही पडत नाही. म्हणून प्रश्नावलीवर उभ्या असलेल्या अभ्यासांकडे जरा सावधपणे पाहावे. पाहुणा काय म्हणाला यापेक्षा त्याने काय केले हे मोजणारे अभ्यास थोडे आहेत, पण तेच अधिक मोलाचे आहेत.

यांतला सर्वांत गाजलेला प्रयोग नोआ गोल्डस्टीन, रॉबर्ट चाल्डिनी आणि व्लादास ग्रिस्केव्हिशियस या तिघांनी अमेरिकेतील एका मध्यम दर्जाच्या हॉटेलात केला आणि २००८ साली प्रसिद्ध केला. १९० खोल्यांत त्यांनी दोन प्रकारची कार्डे ठेवली. एका कार्डावर नेहमीची पर्यावरणाची विनंती होती. दुसऱ्यावर असे होते की, ज्यांना विनंती केली त्यांपैकी जवळजवळ ७५ टक्के पाहुणे टॉवेल पुन्हा वापरून मदत करतात, आपणही करा. कोणत्या खोलीत कोणते कार्ड हे पाहुण्याला ठाऊक नव्हते आणि आपल्यावर प्रयोग चालू आहे हेही ठाऊक नव्हते. नोंदी ठेवल्या त्या खोल्या साफ करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी. निकाल असा लागला : नेहमीच्या कार्डाच्या खोल्यांत ३५.१ टक्के वेळा टॉवेल पुन्हा वापरला गेला, दुसऱ्या कार्डाच्या खोल्यांत ४४.१ टक्के वेळा.

दुसऱ्या फेरीत त्यांनी पाच कार्डे वापरली. ‘या हॉटेलातील पाहुणे’, ‘आपले नागरिक’, ‘स्त्रिया आणि पुरुष’ आणि ‘याच खोलीत राहून गेलेले पाहुणे’ अशा वेगवेगळ्या गटांचे उदाहरण चार कार्डांवर दिले होते. पाचवे कार्ड नेहमीचेच होते. सर्वांत जास्त परिणाम झाला तो ‘याच खोलीतल्या पाहुण्यांचा’. तेथे ४९.३ टक्के, तर नेहमीच्या कार्डाला ३७.२ टक्के. आपल्याआधी याच पलंगावर झोपून गेलेल्या अनोळखी माणसाशी आपले नाते ते काय? तरीही जेथे आपण आहोत तेथे इतरांनी कसे वागले, याला माणूस सर्वांत जास्त किंमत देतो, असा अर्थ संशोधकांनी काढला.

येथे वर्गात घेण्याजोगा एक मुद्दा आहे. ३५.१ वरून ४४.१ म्हणजे वाढ किती? कोणी म्हणेल ९ टक्के, कोणी म्हणेल २६ टक्के. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. शंभर प्रसंगांमागे नऊ प्रसंग वाढले, आणि मूळच्या पस्तिसाच्या मानाने नऊ म्हणजे सुमारे २६ टक्के. बातमीत बहुधा मोठा आकडा येतो. शंभरांतले निम्म्याहून अधिक टॉवेल तरीही खालीच पडले, हे मात्र बातमीत येत नाही.

तेच जर्मनीत

विज्ञानात एका प्रयोगावर घर बांधत नाहीत. तोच प्रयोग दुसऱ्याने, दुसऱ्या ठिकाणी करून पाहावा लागतो. गेर्ड बोहनर आणि लेना श्ल्यूटर यांनी जर्मनीतील दोन हॉटेलांत हा प्रयोग पुन्हा केला आणि २०१४ साली प्रसिद्ध केला. त्यांनी एक महत्त्वाची भर घातली. काही खोल्यांत त्यांनी कार्डच ठेवले नाही. अमेरिकी प्रयोगात एका कार्डाची दुसऱ्या कार्डाशी तुलना होती, पण कार्ड नसलेली खोली तुलनेत नव्हती. त्यामुळे कार्ड लावून मुळात काही होते का, या साध्या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नव्हते.

जर्मनीत काय दिसले? पुन्हा वापरण्याचे प्रमाण सगळीकडेच जास्त होते. कार्ड नसलेल्या खोल्यांपेक्षा कार्ड असलेल्या खोल्यांत ते अधिक होते. म्हणजे कार्डाचा उपयोग झाला. पण ‘इतर पाहुणेही असे करतात’ हे कार्ड नेहमीच्या कार्डापेक्षा सरस ठरले नाही. ‘याच खोलीतले पाहुणे’ या युक्तीचाही दोन्ही हॉटेलांत सारखा परिणाम दिसला नाही.

मग खरे कोण? २०१६ साली तीन संशोधकांनी टॉवेलांवरचे असे सात अभ्यास एकत्र करून तपासले. सगळे मिळून पाहता इतरांच्या वागण्याचे उदाहरण देण्याचा परिणाम होतो, या बाजूला पुरावा झुकतो, असे त्यांना दिसले. तेव्हा अमेरिकी निष्कर्ष खोटा ठरला असे म्हणता येणार नाही. पण एका हॉटेलातला आकडा उचलून जगभर तीच युक्ती चालेल असे सांगणेही बरोबर नाही. जेथे बहुतेक लोक आधीपासूनच टॉवेल दांडीवर अडकवतात, तेथे शेजाऱ्याचे उदाहरण देऊन फार काही वाढणार नाही. तहान नसलेल्याला पाणी विचारण्यासारखे ते आहे.

कार्डावरचा आकडा खरा होता का?

आता मला या गाजलेल्या प्रयोगावर माझा मुख्य आक्षेप नोंदवायचा आहे. कार्डावर ७५ टक्के असा आकडा छापला होता. त्याच हॉटेलात प्रत्यक्ष मोजले ते ३५ ते ४९ टक्क्यांच्या दरम्यान भरले. ही तफावत का? ७५ टक्के हा आकडा, मुक्कामात निदान एकदा तरी टॉवेल पुन्हा वापरणाऱ्यांचा होता. प्रयोगात मात्र दोन रात्री तरी राहणाऱ्या पाहुण्याचा फक्त पहिला दिवस मोजला होता. म्हणजे दोन्ही आकडे दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत, हे मान्य करू. पण दुसऱ्या फेरीत ‘याच खोलीत राहिलेल्या ७५ टक्के पाहुण्यांनी’ असे छापून खोलीचा क्रमांकही दिला होता. प्रत्येक खोलीत तोच आकडा! इतक्या खोल्यांचे पाहुणे एकाच मापाने वागले असतील, हे गणिताच्या कोणत्याही शिक्षकाला पटणार नाही.

एका टॉवेलाचा तर प्रश्न, एवढे काय, असे कोणी म्हणेल. काम तर चांगले झाले ना? मला मात्र हा प्रश्न लहान वाटत नाही. शाळेत आपण हेच नेहमी करतो. “मागच्या वर्गातली सगळी मुले वेळेवर येत होती” असे आपण बिनदिक्कत सांगतो. मुलांना वळण लावण्यासाठी सांगितलेले अर्धसत्य आपल्याला क्षम्य वाटते. पण जे मूल एकदा नोंदवही उघडून पाहते, ते पुढे आपल्या खऱ्या आकड्यावरही विश्वास ठेवत नाही. खडकवासल्याच्या त्या हॉटेलातही हेच झाले. दांडीवरचा टॉवेल बदललेला दिसला, त्या क्षणी कार्डावरचे सगळेच शब्द आमच्या लेखी पोकळ झाले. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या एकानेही टॉवेल अडकवला नाही. हा काही प्रयोग नव्हे. पण विश्वास उडाल्यावर माणूस कसा वागतो, याचा तो आमच्यापुरता धडा होता.

याच्या उलट, पाहुण्याकडून साधा खरा शब्द घेतला तर काय होते, हे अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका प्रयोगात दिसले. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. खोली घेतानाच पाहुण्याकडून टॉवेल पुन्हा वापरण्याचे वचन घेतले आणि कोटाला लावायला एक लहानशी पिन दिली. अशा पाहुण्यांनी निदान एक टॉवेल अडकवण्याची शक्यता २५ टक्क्यांहून अधिक वाढली आणि अडकवलेल्या टॉवेलांची एकूण संख्या ४० टक्क्यांहून अधिक वाढली. येथे कोणाला काही खोटे सांगावे लागले नाही.

शब्द आणि मांडणी

आतापर्यंत आपण शब्दांविषयी बोललो. पण काही हॉटेलांनी शब्द जवळजवळ बाजूला ठेवून वस्तूंची मांडणीच बदलून पाहिली. नॉर्वेतील हॉटेलांत केलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. स्वतः वाढून घेण्याच्या जेवणात ताटल्यांचा आकार थोडा लहान केला, तर टाकून दिले जाणारे अन्न सुमारे २० टक्क्यांनी घटले. पुन्हा पुन्हा वाढून घ्या, एकदम भरून घेण्याची गरज नाही, अशी पाटी लावली तरी जवळपास तेवढीच घट झाली. ‘पानात टाकायचे नाही’ ही आपल्या घरची शिस्त. ती आजीच्या नजरेने टिकते. जेथे आजी नाही तेथे ताटलीच लहान करणे हा उपाय निघाला!

स्वित्झर्लंडमधील सहा हॉटेलांतल्या २६५ खोल्यांत याहून पुढचा प्रयोग झाला आणि तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. शॉवरला एक लहान यंत्र बसवले. काही खोल्यांत ते फक्त पाण्याचे तापमान दाखवी. बाकीच्या खोल्यांत आंघोळ चालू असतानाच किती पाणी वाहिले आणि त्याला किती ऊर्जा लागली, हेही दिसे. १९ हजारांहून अधिक आंघोळींच्या नोंदी झाल्या. आकडा दिसणाऱ्या खोल्यांत ऊर्जेचा वापर ११.४ टक्क्यांनी कमी झाला. पाहुण्याला पाण्याचे वेगळे पैसे पडत नव्हते. तो या अभ्यासात आपण होऊन सामीलही झालेला नव्हता. तरीही आकडा डोळ्यांसमोर आला आणि हात आपोआप नळाकडे गेला.

हे वाचले तेव्हा मला आपली बादली आठवली. बादली हे फार जुने आणि बिनखर्चाचे मोजमापाचे यंत्र आहे! ती किती भरली हे दिसते, किती उरली हेही दिसते आणि संपली की आंघोळ संपते. साधारण बादलीत १५ ते २० लिटर पाणी मावते. शॉवरमधून मिनिटाला ८ ते १० लिटर पाणी पडते असे धरले, तर दहा मिनिटांच्या आंघोळीला सुमारे ९० लिटर लागते. आपल्याकडची अनेक नवी हॉटेले न्हाणीघरातून बादली काढून टाकतात, कारण ती जुनाट दिसते. मग तेथेच पाणी वाचवा असे कार्ड लावतात. ज्या वस्तूने पाणी आपोआप मोजले जात होते ती काढली आणि तिच्या जागी उपदेश आणला, असा हा व्यवहार आहे.

आपल्याकडेही पाहुण्याला सहभागी करून घेण्याचे प्रयत्न झाले आहेत. विठ्ठल कामत यांनी मुंबईत विमानतळाजवळ १९९७ साली सुरू केलेले ऑर्किड हे हॉटेल पर्यावरणस्नेही म्हणून गाजले. तेथल्या खोल्यांत एक हिरवे बटण ठेवले होते. पाहुण्याने ते दाबले की वातानुकूलन थोडे सौम्य होऊन वीज वाचे. ही कल्पना चांगली आहे, कारण वचन आणि कृती यांत अंतरच उरत नाही. पण त्याच हॉटेलात सांडपाणी शुद्ध करून ते वातानुकूलनासाठी आणि बागेसाठी पुन्हा वापरण्याची व्यवस्था होती, ती मला अधिक महत्त्वाची वाटते. कारण ती पाहुण्याच्या मर्जीवर अवलंबून नव्हती. यजमानाने आधी आपले काम केले आणि मग पाहुण्याकडे बटणापुरती मदत मागितली. क्रम असाच असायला हवा.

पुण्याचा अर्धा पेला

मराठीत हॉटेल म्हणजे राहण्याची जागा तशीच चहा-जेवणाचीही. तेव्हा पुण्याच्या खाणावळींचा आणि उपाहारगृहांचा प्रयोगही या परीक्षणात घ्यायला हवा. २०१८ च्या पावसाळ्यानंतर पुण्यात पाणीकपातीची चर्चा सुरू झाली. त्या सुमारास पुण्यातील हॉटेलचालकांच्या संघटनेने गिऱ्हाइकाला पेला अर्धाच भरून द्यायचा, मागितल्यास पुन्हा भरायचा, असे ठरवले. सुमारे ४०० हॉटेलांनी ही पद्धत स्वीकारल्याच्या बातम्या तेव्हा आल्या आणि परदेशी वृत्तसंस्थांनीही त्यांची दखल घेतली.

आतापर्यंतच्या कसोटीवर ही कल्पना चांगली उतरते. गिऱ्हाइकाला उपदेश नाही, खोटा आकडा नाही. पाणी कोणी नाकारत नाही. फक्त न मागता मिळणारे पाणी अर्धे आणि मागून मिळणारे हवे तेवढे. काहींना हा कद्रूपणा वाटला. दारी आलेल्याला भरला तांब्या द्यावा ही आपली रीत. पण रीत नीट आठवून पाहा. आपण तांब्या-भांडे देतो. तांब्या भरलेला, पण भांड्यात ओतून घ्यायचे ते पाहुण्याने, तहानेपुरते. तांब्यातले उरलेले पाणी उष्टे होत नाही. अर्ध्या पेल्याची युक्ती आपल्या घरात पूर्वीपासून होतीच. भरलेला पेला पुढ्यात आदळण्याची पद्धत मागाहून आली.

आता दुसरी बाजू. यातून पाणी किती वाचते? मोजून पाहू. समजा एका हॉटेलात दिवसाला ३०० गिऱ्हाइके येतात आणि प्रत्येकाचे १०० मिलिलिटर पाणी वाचते. हे आकडे मी हिशेबापुरते धरले आहेत, वाचकांनी आपापले धरून पाहावेत. ४०० हॉटेलांत मिळून दिवसाला १२,००० लिटर वाचेल. म्हणजे एक मोठा टँकर. वर्षाला सुमारे ४४ लाख लिटर. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. या गतीने अर्ध्या पेल्यातून एक टीएमसी पाणी वाचवायला साडेसहा हजार वर्षे लागतील! आणि शॉवरऐवजी बादलीने केलेल्या एका आंघोळीत साधारण ७० लिटर वाचते. ते ७०० अर्ध्या पेल्यांच्या बचतीइतके आहे.

म्हणून अर्धा पेला टाकाऊ आहे का? मुळीच नाही. दिवसाला एक टँकर ही टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीला मोठी गोष्ट आहे. पण ‘आम्ही अर्धा पेला देतो’ असे सांगून स्वयंपाकघर, धुलाई, पोहण्याचा तलाव आणि गळक्या नळांचा हिशेब टळत नाही. शहरालाही, हॉटेलांनी पेला अर्धा केला म्हणून आपल्या नळांची गळती विसरता येत नाही. जे दिसते ते थोडे असते, आणि जे जास्त असते ते दिसत नाही, ही या विषयातली खरी अडचण आहे.

मग कार्डाचे मूल्य काय?

हे सगळे पाहिल्यावर कोणत्याही हिरव्या कार्डाला तीन प्रश्न विचारावेत असे मला वाटते. पहिला, यजमानाने स्वतः आधी काय केले? दुसरा, कार्डावर जे म्हटले आहे ते कोणी मोजले आहे का, आणि कशाशी तुलना करून? तिसरा, ही बचत पाहुण्याच्या चांगुलपणावर किती टेकली आहे आणि मांडणीवर किती?

आमच्या खडकवासल्याच्या कार्डाला पहिल्याच प्रश्नात शून्य गुण मिळाले. त्यात दोष मावशींचा नव्हता. त्यांना दिलेली यादी आणि आम्हाला दिलेले कार्ड एकाच कचेरीतून आले होते आणि दोहोंची गाठ कधी पडली नव्हती. पाहुणे ऐकत नाहीत अशी तक्रार हॉटेलवाले करतात. मला वाटते, पाहुणे बऱ्याच अंशी ऐकतात. जर्मनीतले, स्वित्झर्लंडमधले, अमेरिकेतले पाहुणे ऐकतात हे वर आलेच आहे. आणि आम्हीही पहिल्या दिवशी ऐकले होतेच. ऐकलेल्याचे पुढे काय झाले, हे त्यांना दिसले पाहिजे. “काल या मजल्यावर इतके टॉवेल धुवावे लागले नाहीत” एवढे एक खरे वाक्य फळ्यावर खडूने लिहिले, तरी ते छापील हिरव्या कार्डाहून सरस ठरेल.

वर्गात करून पाहा

हा सगळा विषय शाळेत मोजता येतो. त्यासाठी हॉटेल लागत नाही. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत दोन तुकड्या निवडा. एका तुकडीत काहीच बदल करू नका. ती तुलनेसाठी. दुसरीत पहिला आठवडा नेहमीप्रमाणे भरलेले पेले द्या. दुसऱ्या आठवड्यात ‘पाणी वाया घालवू नका’ अशी पाटी लावा. तिसऱ्या आठवड्यात पाटी काढा आणि पेला अर्धा भरून शेजारी भरलेला तांब्या ठेवा. रोज पेल्यांत उरलेले पाणी एका बादलीत ओतून मोजपात्राने मोजा आणि मुलांच्या संख्येने भागा.

एक नोंद विसरू नका. मुले एकूण किती पाणी प्याली, हेही मोजा. उरलेले पाणी कमी झाले आणि पिणेही कमी झाले, तर ती बचत नव्हे, ती मुलांची तहान आहे. उन्हाळ्यात हे विशेष जपावे लागते. हवा बदलली, खेळाचा तास आला, तर आकडे बदलतील. म्हणूनच तुलनेची तुकडी हवी. चौथ्या आठवड्यात हवे तर ‘या वर्गातील इतक्या मुलांनी काल पेल्यात पाणी ठेवले नाही’ अशी पाटी लावा. पण त्या ‘इतक्या’च्या जागी कालचा मोजलेला आकडाच लिहा, मग तो कितीही लहान असो. आकडा कोणी लिहायचा हे मुलांनाच ठरवू द्या.

खडकवासल्याला सहल नेलीत तर चौपाटीवर कणीस खाऊन झाल्यावर धरणाकडे बोट दाखवून मुलांना एक प्रश्न विचारा. समोरचे एवढे पाणी, आणि आपण वर्गात वाचवले ते एवढेसे. मग आपण मोजले कशासाठी? उत्तर घाईने देऊ नका. मुले जी उत्तरे देतील ती, आणि तुमच्या तीन-चार आठवड्यांच्या नोंदी, आम्हाला जरूर कळवा. पाटीने काहीच फरक पडला नाही असे आढळले, तर तेही कळवा. अशा नोंदी फार कमी लोक पाठवतात आणि आम्हाला त्यांची फार गरज असते.